रिकामी गाणी

११ फेब्रुवारी

कॉलेजात स्नेहसंमेलनाची मीटिंग. डीजे आणायचा की नाही, यावरच सगळा वेळ गेला. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या पाटील मॅडम ठाम. "हाई काय गानं शे का? नुसतं धडाम धडाम. आमना टाइमना गाना आजबी तोंडपाठ शेतस." मीही मान हलवली. पटतंच मला ते. मग चहा घेताना हळूच म्हणाल्या, "पन तुन्हा भाऊबी तेच करस ना?"

करतो. दिलवर तेच करतो. शहादा-तळोदा पट्ट्यातल्या लग्नांत त्याची पिकअप असतेच. वर स्पीकरचे बॉक्स चढवलेले, कीबोर्ड, ठेक्याचा पॅड. टिमली, म्हणजे लग्नात नाचायचं गाणं, स्वतःच बनवतो, स्वतःच गातो. शब्द काय, तर मोबाईल, गॉगल, बुलेट.

घरी आल्यावर आईला म्हटलं, याहा, हल्लीची गाणी म्हणजे निव्वळ कचरा.

ती म्हणाली, "मला आवडतात."

१३ फेब्रुवारी

परवाचं डोक्यातून जात नव्हतं, म्हणून आज विचारलं. का आवडतात?

याहा तूर निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "जुन्या गाण्यांत माणसं असतात. कुठलंही गाणं घे, आत कोणीतरी उभं असतं. आणि आता ती सगळी मेलेली आहेत. दिलवरच्या गाण्यात कोणी नाही. रिकामं घर आहे. निवांत जाऊन बसता येतं."

आम्ही घरात आमच्या बोलीत बोलतो. इथे शाळेच्या मराठीत उतरवताना अर्धं सांडतं. तिने 'रिकामं'साठी वापरलेला शब्द आम्ही पीक काढून नेलेल्या शेताला लावतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

दिलवर आला. नवं गाणं ऐकवायचं होतं. ओट्यावर छोटा स्पीकर ठेवला. म्हणाला, "ताई, तू नाकं मुरडशील, तरी ऐक."

सुरुवातीला पॅड. मग शब्दांच्या आधी कीबोर्डवर एक चाल. वर चढते, वरच लांबते, आणि शेवटी अशी खाली येते, की म्हणणाऱ्याने बोलता बोलता पाठ फिरवली असावी.

याहा उठली. सरळ दाराबाहेर जाऊन रस्त्याकडे बघत उभी राहिली. कोणी हाक मारली असं वाटून मीही मागे गेले. रस्त्यावर कोणी नव्हतं.

"बंद कर ते," ती दिलवरला म्हणाली.

तो हसला. "तूसुद्धा, याहा?"

जेवली नाही.

२३ फेब्रुवारी

आज सांगितलं तिने. तुकड्यातुकड्याने, भांडी घासत.

आमचा पाडा मणिबेलीच्या बाजूला, नर्मदेच्या वरच्या उतारावर होता. घरं लांब लांब, एकेक टेकडीवर एकेक. संध्याकाळी माणसं परत बोलवायला हाळी घालायचे. शब्द नसायचे, नुसती चाल, आणि प्रत्येक घराची वेगळी. आमच्या घराची हाळी हुमी घालायची. हुमी म्हणजे याहाची धाकटी बहीण, माझी मावशी.

धरणामुळे सगळे ट्रकमध्ये बसून इकडे तळोद्याकडच्या वसाहतीत आले, तेव्हा हुमी आली नाही. म्हणाली, एक पावसाळा बघते. त्या पावसाळ्यात पाणी घरावरून गेलं. नंतर माणसं शोधायला गेली होती. काही मिळालं नाही.

मी लहान होते. तिच्या हिरव्या बांगड्या आठवतात. आवाज आठवत नाही.

याहा म्हणते, दिलवरच्या गाण्यातली चाल म्हणजे हुमीची हाळी. जशीच्या तशी. शेवटचं वळणसुद्धा.

"तूच कधी गुणगुणली असशील त्याच्यासमोर."

"इकडे आल्यापासून मी ती तोंडातून काढलेली नाही."

आणि दिलवरचा जन्म वसाहतीतला. आम्ही आल्यानंतर कितीतरी वर्षांनी.

२ मार्च

दिलवरला शहाद्यात गाठलं. बॉक्सची वायर जोडत होता. चाल कुठून आणली म्हटलं.

"कुठून म्हणजे? सुचली."

मग आठवून म्हणाला, दिवाळीनंतर मित्रांबरोबर नर्मदेत बोटीतून गेलो होतो, व्हिडिओ शूट करायला. बोटीच्या इंजिनचा आवाज बीटसाठी मोबाईलवर घेतला. घरी येऊन कीबोर्डवर बसलो, तो आवाज लावला, आणि बोटं आपोआप गेली. "ताई, चाल कुठून येते हे कोणाला सांगता येतं का?"

मुद्दाम ते मूळ रेकॉर्डिंग मागून घेतलं. इंजिन, पाणी, पोरांचं हसणं. दुसरं काही नाही. उगाच याहाचं मनाला लावून घेतलं मी.

३ मार्च

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कानाला हेडफोन लावून परत ऐकलं. मधे एके ठिकाणी पोरं हसायची थांबतात. एकेक करून नाही, सगळी एकदम. इंजिन चालूच. काही वेळाने परत हसू लागतात, तेही एकदम.

दिलवरला फोन केला. गप्प का झाला होतात?

"गप्प कुठे झालो? अख्खा रस्ता दंगा चालू होता आमचा."

९ मार्च

गाणं सगळीकडे. रसवंतीवर, रिक्षात, लोणखेड्याच्या स्टॉपवर पोरांच्या मोबाईलवर. शब्द कोणी म्हणत नाही. ती चालच शिट्टीवर काढतात. स्नेहसंमेलनातही वाजलं, डीजे नको असा ठराव करूनही. पा. मॅडम वैतागून सांगत होत्या, "कालपासून डोकामा तेच चालू शे. निंघतच नई."

घरी दारं-खिडक्या लावून घेते. याहा कापसाचे बोळे कानात घालून बसते. पण कान उघडे असोत की बंद, मान मात्र वळते. उत्तरेला, नर्मदेच्या बाजूला.

१६ मार्च

कामावरून आले तर दार नुसतं लोटलेलं. याहा नाही. शेजारणीने तिला एसटीत चढताना बघितलेलं. दिलवरला बोलावलं, त्याच्या मोटरसायकलवर दोघं निघालो. तळोद्याच्या स्टँडवर बाकावर बसलेली मिळाली. मांडीवर पिशवी, पिशवीत भाकरी आणि एक लुगडं. पुढची गाडी कधी, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती.

"कुठे चाललीस?"

"बोलावलं तर जायला नको?"

समोरच्या हॉटेलात तेच गाणं लागलं होतं. दिलवरने आत जाऊन हात जोडून बंद करायला सांगितलं. मालक हसत म्हणाला, अरे, तुझंच तर गाणं आहे.

१७ मार्च

दि.शी कडाक्याचं भांडण. मी म्हटलं, ती चाल काढून टाक.

"मेपर्यंतच्या सुपाऱ्या आल्यात मला. त्या गाण्यावर."

"आईपेक्षा ते गाणं मोठं?"

तर म्हणाला, "इतकी वर्षं माझ्या गाण्यांना कचरा म्हणालीस. जुन्यांत जीव होता, तुझ्यात नाही, म्हणालीस. आता पहिल्यांदा एका गाण्यात काहीतरी आलंय, तर काढ म्हणतेस?"

 

१८ मार्च

काही नाही. याहा तूर निवडत बसली. मीही.

२५ मार्च

दिलवरने आपणहून गाणं बदललं. नवीन पाठवलंय. चालीच्या जागी आता नुसता पॅड वाजतो. खाली मेसेज: 'याहाला ऐकव. आता कोणी नाही यात.'

ऐकलं. फालतू झालंय अगदी. त्याला लिहिलं, छान आहे.

याहा पूर्ण ऐकून म्हणाली, "बरं केलं पोराने." दोन भाकऱ्या खाल्ल्या. पण ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये जुनंच आहे, ते कोण काढणार.

५ एप्रिल

वसाहतीत लग्न होतं. हे लिहून ठेवायलाच हवं, उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

भर दुपार. मांडवासमोर बाया एकमेकींच्या कमरेत हात घालून रांगेत नाचत होत्या. पोरं पुढे. आमच्या पाड्यावरचा जेरमादादा, आता पार म्हातारा, तोही काठी सोडून नाचत होता. दिलवरने ते गाणं लावलं, बदललेलं. पॅड सुरू झाला. चाल यायची ती जागा आली, आणि चाल आली.

स्पीकरमधून नाही. बायांच्या रांगेतून. आधी एकीच्या तोंडून, मग तिच्यापासून लांबच्या दुसरीच्या, मग जेरमादादाच्या. फक्त पाड्यावरून आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या. पाय ठेक्यावर चालूच होते, पण माना सगळ्यांच्या एकाच बाजूला, डोंगराकडे. पोरांना वाटलं हाही गाण्याचाच भाग, ती शिट्ट्या वाजवत नाचत राहिली.

दिलवरने गाणं बंद केलं. तरी म्हाताऱ्यांच्या तोंडची चाल थोडा वेळ चालू राहिली. मग थांबली.

जेरमादादाला पाणी दिलं आणि विचारलं, दादा, आत्ता काय म्हणत होतात?

"मी? मी तर नाचत होतो, पोरी."

खोटं बोलणारा माणूस नाही.

याहा माझ्या शेजारीच होती. तिने तोंड उघडलं नव्हतं. मला म्हणाली, "हाळी आली की उलट हाळी द्यायची असते. ऐकलं, येते, असं सांगायचं. तिला इतक्या वर्षांत कोणी दिलीच नाही. म्हणून ती थांबत नाही."

दिलवर वायरी गुंडाळत होता. त्याने ऐकलं. म्हणाला, "रविवारची सुपारी सोडतो. जाऊ आपण."

१२ एप्रिल, रविवार

जाऊन आलो. मोलगीवरून खाली उतरलो, तिथून बोट. सकाळची वेळ, पाणी काचेसारखं. उन्हाळ्याने उतरलेलं, त्यामुळे मेलेल्या झाडांचे शेंडे मधेच वर आलेले. बाकी सगळं पाणीच. मी ओळखीचं काही शोधत होते. काही नव्हतं.

याहाने एके ठिकाणी हात वर केला. बोटवाल्याने इंजिन बंद केलं. तिला ती जागा कशी कळली, विचारलं नाही.

ती उभी राहिली. बोट हलत होती, म्हणून दिलवरने तिला कमरेला धरलं. आणि तिने उलट हाळी दिली. ही चाल निराळी, खालून सुरू होऊन वर जाऊन संपणारी. याहाच्या अंगात एवढा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. पलीकडच्या उतारावर आदळून तो परत आला, तेव्हा तिचा वाटत नव्हता.

आम्ही थांबलो. पाणी बोटीला लागत होतं, तेवढंच. बोटवाला टोपी काढून बसला होता.

मी काहीच ऐकलं नाही. प्रामाणिकपणे लिहिते, काहीच नाही. दिलवर मात्र पांढराफटक पडला. मागे वळला, मग समोर माझ्याकडे बघत राहिला.

याहा खाली बसली. पिशवीतून भाकरी-चटणी काढली आणि भुकेल्या माणसासारखी जेवली. आम्हालाही दिली. मग पदराने हात पुसत म्हणाली, "झालं. आता तुझं काहीतरी लाव, दिलवर. ते बुलेटवालं."

परत येईपर्यंत बुलेटवालं गाणं वाजत होतं. धडाम धडाम. त्यात खरंच कोणी नव्हतं. मला ते किती बरं वाटलं, हे पा. मॅडमना कधी सांगू शकणार नाही.

१४ एप्रिल

दिलवरला फोनवर विचारलं. बोटीत काय ऐकलंस?

"काय म्हणजे? तूच माझं नाव घेतलंस ना."

मी नव्हतं घेतलं.

"मागून घेतलंस, ताई. दोनदा."

मी म्हटलं, हो, घेतलं असेल. मी त्याच्या समोर बसले होते, मागे नाही. त्यालाही ते माहीत आहे.

२० एप्रिल

याहा ठीक. झोपते, खाते, शेजारणीशी भांडते. काल रसवंतीवर ते जुनंच गाणं लागलं होतं, ती रस पीत राहिली. मान वळली नाही. मी तिच्याकडेच बघत होते.

दिलवरने ते गाणं वाजवणं बंद केलंय. लोक मागतात, तो देत नाही. दुसऱ्या डीजेवाल्यांनी उचललं आता. वाजवू देत.

२६ एप्रिल, रविवार

पीठ मळत होते. दिलवर कधी येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, कळलं नाही.

"ताई, हे कुठलं?"

"काय कुठलं?"

"आत्ता गुणगुणत होतीस ते. जुनं आहे का नवं?"

मी गुणगुणत होते हेच मला माहीत नव्हतं. पण त्याने विचारलं आणि चाल लगेच सापडली, घशाशीच होती. हाळीसारखी नाही. उलट हाळीसारखीही नाही. मी कुठे ऐकलेली नाही. रेडिओवर नाही, लग्नात नाही. लहानपणी ऐकली असेल का? आठवत नाही.

दिलवरने खिशातून मोबाईल काढला. "परत म्हण. फार गोड आहे. रेकॉर्ड करून घेतो."

म्हटलं, हात पिठात आहेत, नंतर. तो बसून आहे.

बाहेर ओट्यावर याहा कैऱ्या फोडते आहे. तिने ऐकलं की नाही, कळत नाही. तिला विचारलं तर सांगेल, यात कोणी आहे की रिकामं आहे. हात धुऊन बाहेर गेले विचारायला. तिने वर बघितलं, "काय गं?"

काही नाही म्हटलं. आत येऊन हे लिहिते आहे, ओठ मिटून. दिलवर पुन्हा म्हणाला, "म्हण ना."