सतरा की उणे सात

अम्मान, गुरुवार

प्रिय हनादी,

तपासणीचा तुझा अहवाल मिळाला. मुख्याध्यापिकाबाईंनी तो वर्गात आणून दिला, मुलींना टाळ्याही वाजवायला लावल्या. मी आभार मानले आणि फळा पुसला. आनंद झाला का, असं बहिणीने फोनवर विचारलं. म्हटलं, बघून सांगते. चार दिवस झाले, अजून काही सापडलेलं नाही.

गणित इंग्रजीतून शिकवायचं असं शाळेने ठरवलं तेव्हा मी भांडले असेन, असं सगळ्यांना वाटतं. नाही भांडले. मला तू आठवत होतीस. गणितात शाळेत पहिली आलेली, आणि विद्यापीठाच्या पहिल्याच महिन्यात माझ्या दारात उभी. "सित्त, गणित येतं हो मला, पण इंग्रजीतला प्रश्नच वाचता येत नाही!" मी तुला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. "रडून झालं असेल तर शब्दकोश घे आणि बस," एवढंच म्हटलं. तू बसलीस. तुझ्या वर्गातल्या बाकीच्या तिघी बसल्या नाहीत. हुशार होत्या, आज घरी आहेत. बँकेच्या मुलाखतीत पहिला प्रश्न इंग्रजीत आला की अरबीत कमावलेली हुशारी तोंडातच राहते. म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी मीही संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाला गेले. शब्द सगळे पाठ केले.

मग तू निरीक्षक म्हणून तपासणीला आलीस. सातवीचा वर्ग, तू मागच्या बाकावर. मी फळ्यावर समीकरण मांडलं: एका संख्येतून पाच वजा केले, बारा उरले. चौतीस वर्षं मांडते तसंच, अरबीसारखं उजव्या कडेपासून डावीकडे. अक्षर तेवढं इंग्रजी, एक्स. मुलींनी ते इंग्रजीसारखं डावीकडून वाचलं: बारा म्हणजे पाचातून एक्स वजा. वर्गभर एकच उत्तर आलं, उणे सात. मी म्हटलं, चूक, पुन्हा करा.

"मिस, उणे सातच येतंय," पहिल्या बाकावरची जुमाना म्हणाली. आता आम्हा शिक्षिकांना मिस म्हणतात, पूर्वीसारखं सित्त कुणी म्हणत नाही. "हट्ट पुरे. सतरा." "पण मिस..." "माझ्याकडे नको, फळ्याकडे बघ." तिने फळ्याकडे बघितलं. मग रबर घेतलं आणि बरोबर आलेलं उत्तर खोडलं. प्रत्येक वहीत सतरा दिसेपर्यंत मी बाकांमधून फिरले. तू मान खाली घालून लिहीत होतीस.

घरी येऊन कूसाचे छोटे भोपळे कोरायला बसले, भात भरून शिजवायचे होते. सहाव्यापाशी हात थांबला. फळा डोळ्यांसमोर आला, आणि या वेळी मी तो डावीकडून वाचला. मग उरलेले कोरून संपवले.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, काल माझी चूक होती, तुमचं बरोबर होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "मिसना डावं-उजवं शिकवा गं कुणी." पूर्वी मी ओरडले असते. जुमाना मात्र वही उघडेना. विचारलं, तर म्हणाली, "मिस, आधी नक्की काय ते ठरवा, मग खोडते. कागद फाटायला आलाय."

तुझ्या अहवालात लिहिलंय, अध्यापन निर्दोष. त्या दिवशी वर्गात दोन्ही बाजूंनी वाचता येणारी तू एकटीच होतीस. काल फोनवर म्हणालीस, "दोनच वर्षं राहिलीत, सित्त. मानाने निवृत्त व्हा. मी तुमच्यामुळे उभी आहे." मी फोन ठेवला.

हे पत्र आभाराचं नाही. या अहवालावर रविवारी शाळेचा आठवडा सुरू झाला की सातवीच्या तिन्ही तुकड्या माझ्याकडे येतील. तो नसला तर मला ग्रंथालयात बसवतील. खोली पाहून आले. पंखा आहे, खिडकी नाही. आज पुन्हा फळ्यावर लिहायला घेतलं आणि खडू उजव्या कडेला गेला. मुद्दाम डावीकडे आणला, तरी तिसऱ्या ओळीला परत तिकडेच. मी शिकेनही, पण या मुलींच्या वह्यांवर नाही. त्यांनाही मुलाखतीला जायचंय. तेव्हा तो अहवाल मागे घे आणि डोळ्यांनी पाहिलंस ते लिही. शनिवारपर्यंत शाळेत पोचायला हवा. वाईट वाटून घेऊ नकोस, मलाही काही वाटत नाहीये.

तुझीच,
विदाद