सात दहाचा फोन

।। श्री ।।

अर्नाळा,
फाल्गुन वद्य पंचमी, बुधवार

चि. क्षितिजा हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं खोकं काल पोचलं. दोन सुती साड्या, गुडघ्याची पट्टी, बिनसाखरेचा च्यवनप्राश. साडीवरची किंमत तू खरडलीस, पण पावती घडीतच राहिली. नऊशे चाळीस! एवढ्यात माझ्या तीन आल्या असत्या. कुरियरवाला गल्लीत शिरेना, म्हणून नाक्यापर्यंत रिक्षा करावी लागली, तिचे वीस. पुन्हा पाठवू नकोस.

मी बरी आहे. शेजारची पॉलिन रोज डोकावते. सुकट यंदा चांगली वाळते आहे.

परवा फोनवर म्हणालीस, वेधशाळेत वादळाच्या टेबलावरून बदली मागितली, आता जुन्या पावसाच्या नोंदी लावत बसणार. महिनाअखेरीस अर्ज द्यायचा आहे. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. फोनवर माझी जीभ वळत नाही, म्हणून हे पत्र.

कार्तिकातल्या त्या वादळाचा नकाशा तू मला आधीच्या संध्याकाळी पाठवलास. मधे रेषा, तिच्या दोन्ही बाजूंना उघडत गेलेला पंखा. खाली लिहिलंस, "रेषा ओमानकडे जाते, पण रेषा बघू नकोस आई, पंखा बघ, वादळ त्यात कुठेही वळू शकतं. आपण त्याच्या कडेला आहोत. सकाळी पुन्हा सांगते." मागे एकदा तू समजावलं होतंस, वादळ कुठे जाणार ते त्यामानाने कळतं, ते किती चिडणार ते कळणं कठीण. खालचं पाणी खोलवर तापलेलं असलं तर वादळाचा जोर एका रात्रीत दुप्पट होतो.

धवलला मी सगळं वाचून दाखवलं. तो हसला. "ताय ओमान बोलली ना? मग ओमानवाल्यांनी पत्रे बांधावे. पानी बघ, तेल वतल्यासारका." पहाटे बोटीवर निघताना मात्र दारातून म्हणाला, "तायचा निरोप आला का मच्छीमार सोसायटीत सांग, ते वायरलेसवर बोलतील. लगेच फिरतो."

बाय, मी तुला सांगितलं, त्या सकाळी रेंज नव्हती.

रेंज होती.

माझं पोथीचं पारायण चालू होतं, पाचवा दिवस. धवलसाठीच धरलं होतं, तो सुखरूप परत यावा म्हणून. तुझ्या आजीने मला शिकवलं होतं, अध्याय अर्धा टाकून उठायचं नाही, नाहीतर केलेलं वाया जातं. सात वाजून दहा मिनिटांनी फोन उजळला. तुझं नाव मी वाचलं. आणि फोन पालथा घातला. तो पाटावर तीनदा थरथरला. मी आवाज चढवून वाचत राहिले.

अध्याय संपला तेव्हा आठ वाजत होते. तुझा निरोप ऐकला. "वादळ रात्रीत वाढलंय, आपल्याकडे वळलंय, धवलला आत्ता फिरव." मी अनवाणी सोसायटीत धावले. वायरलेसवर नुसती खरखर.

पॉलिनच्या ॲल्रॉयचं धवलशी पावणेआठला वायरलेसवर बोलणं झालं होतं. म्हणजे तोवर तो ऐकू शकत होता. पस्तीस मिनिटं होती, आणि ती माझ्या हातात होती.

नऊला तुझा फोन आला. मी रेंजचं सांगितलं तशी तू हुंदके द्यायला लागलीस, "मी रात्रीच सांगायला हवं होतं, पण खात्री नव्हती गं." मी तुला रडू दिलं. बोट डहाणूला लागली, धवल नाही लागला, तेव्हाही तू दोष आपल्या डोक्यावर घेत होतीस. मी शेजारी बसून तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते. तो हात कसला होता, ते माझं मला माहीत.

वाचलेला खलाशी परवा येऊन गेला. म्हणाला, "धवलभाऊ सेट सारका कानाला लावून व्हता. बोलत व्हता, ताय सांगितल्याबिगर राहायची नाय."

ते ऐकल्यावर मी पॉलिनला सगळं सांगितलं. ती सुकट निवडत होती. मग म्हणाली, "मावशी, मी रोझरीची माळ अर्धी टाकून दहादा उठते. दूध उतू गेलं, मांजर शिरली. देव कधी रागावला नाय गो." तिला टोचायचं नव्हतं. पण मी अजून त्या वाक्यातून बाहेर आले नाही. देवाला मी बोल लावत नाही. त्याने मला बसून राहा असं सांगितलं नव्हतं.

तू वेळेत सांगितलंस, क्षितिजा. तुझं गणित चुकलं नव्हतं. अर्ज देऊ नकोस. वैशाखात समुद्र पुन्हा तापेल, आणि तुझा फोन कुणीतरी उचलेल.

मला माफ कर असं लिहिणार नाही. ते मागायला तोंड नाही. घरी यावंसं वाटलं नाही तरी समजेन. पण टेबल सोडलंस की नाही, एवढं उलट टपाली कळव. फोन करू नकोस, तुझं नाव उजळलं की माझा हात अजून पुढे होत नाही. दोनच ओळी लिही, रागाच्या असल्या तरी चालतील.

पोस्टमन साडेअकराला येतो. मी ओट्यावर असते.

तुझी अपराधी,
आई