सव्वा महिन्याचं पाणी

चैत्र शुद्ध ५, शके १८४७ (फसली १३३४)
मुक्काम निवडुंगवाडी

एकदाचा रुजू झालो. कुणब्याचं पोर, चार बुकं शिकलं, बीडच्या कचेरीत सात वर्षं दुसऱ्यांच्या अर्ज्या खरडत बसलं, आणि आज सरकारी नळाचा दारोगा झालं. आमच्या तीर्थरूपांनी पाहायला हवं होतं. हयातभर ते या त्रिंबकला बिनकामाचा म्हणत आले.

पालीहून दोन कोस गाडीत हाडं खिळखिळी झाली, पण गाव पाहून शीण गेला. डोंगराच्या पायथ्याला साठेक घरं, आणि एवढ्याशा गावाला नळ. आमच्या बीडच्या गल्लीत अजून पखालीचं पाणी येतं. इथं चावडीसमोर चार पितळी तोट्या, घासून लख्ख केलेल्या, आणि पाचवी माझ्या खोलीच्या अंगणात. साऱ्या गावात घरची तोटी असलेला मी एकटा. बायकोला, चंद्रभागेला, सांगितलं तर तिला खोटं वाटेल.

माझी वर्णी लावली ती इथले पाटील बबनराव यांनी. माणूस राजा आहे. दोनदा कचेरीत येऊन अडून बसले, की दारोगा बाहेरगावचाच द्या, बायकोपोरांचा धनी द्या, उडाणटप्पू नको. मला पाहिलं आणि म्हणाले, हाच. आज वेशीपासून हलगी वाजवत आणलं. लग्नातसुद्धा माझी एवढी मिरवणूक निघाली नव्हती.

काम सोपं आहे. पाण्याचा उगम पाहायचा, पाणी चाखायचं, आणि दोन्ही दुरुस्त असल्याची कैफियत कचेरीला लिहून द्यायची. उगम वर डोंगरात झऱ्यावर आहे म्हणे. ऊन मी म्हणत होतं आणि पाटलांनी बकरं कापलं होतं. तेव्हा गावाबाहेरचा हौद तेवढा पाहून आलो. नवा कोरा, झाकण चुन्यानं पक्कं केलेलं. जेवण झाल्यावर ओसरीवर लोडाला टेकून दस्तखत ठोकलं. झरा कुठं पळून जातोय, पाहू सवडीनं.

पाणी मात्र काय सांगू. हलकं, गार, शेवटाला किंचित गोडसर. चार तांबे प्यालो. चावडीच्या तोट्यांना अजून फडकी बांधलेली आहेत. मोठे साहेब येऊन आपल्या हातानं सोडतील तेव्हा गाव पिणार. तोवर मान माझा.

चैत्र शुद्ध ११

माझं खाणंपिणं केशरबाई पाहतात. साठीच्या, विधवा, घरात दुसरं कुणी नाही. भाकरी अशी पातळ की पापुद्रा फुंकरीनं उडावा, आणि येसराची आमटी तर विचारू नका. तिसरी भाकरी नको म्हटलं की रागावतात. "कावून जेवत न्हाईस लेकरा, लई वाळलास," म्हणतात. मी वाळलो! बीडहून येताना आणलेल्या सदऱ्याच्या गुंड्या लागेनात. माझी आई मी पाच वर्षांचा असताना गेली. तेव्हापासून माझ्या ताटाकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. काल चुकून त्यांना आई म्हणून गेलो, तर त्यांनी चुलीकडे तोंड फिरवून आणखी एक भाकरी टाकली.

माझा रांजण त्याच भरतात. स्वतःपुरतं पाणी मात्र पाटलांच्या मळ्यातल्या विहिरीचं, लोट्यात घेऊन येतात. विचारलं तर म्हणाल्या, साहेबानं तोटी सोडल्याबिगर आमी कसं प्यावं. शिस्तीचं गाव आहे. रोज सकाळी त्या माझ्या भिंतीवर चुन्याचं एक बोट उमटवतात. दृष्ट लागू नये म्हणून म्हणे. माझ्या तोंडाला कोण दृष्ट लावणार, पण बरं वाटतं.

चंद्रभागेला पत्र टाकलं. ती गोदीला घेऊन कड्याला माहेरी आहे, सासरे वाचून दाखवतील. पोर तीन वर्षांची झाली, सहा महिन्यांत मी तिला पाहिलं नाही. लिहिलं, आता इकडे या, इथं घागरी डोक्यावर वाहायच्या नाहीत. बबनरावांच्या कानावर घातलं तर ते म्हणाले, आणायला माझी गाडी जाईल, आश्रुबा गाडीवान भरवशाचा आहे. एवढं सख्खा भाऊ करत नाही.

चैत्र वद्य ४

तोटी अडली होती. उघडून पाहिली तर आत केसांचा गुंता, लांब, बाईमाणसाचा. त्यात अडकलेलं चांदीचं बारीक घुंगरू, लेकराच्या वाळ्यातलं. हौदाच्या कामावरच्या एखाद्या बाईचं पडलं असेल. गोदीला होईल म्हणून घासून ठेवलं. केशरबाईंना दाखवलं तर त्यांचा हात परातीत तसाच राहिला. मग पुन्हा पीठ मळायला लागल्या.

पाणी हल्ली कोमट येतं. उन्हानं म्हणावं तर भल्या सकाळीही तसंच, आपल्या अंगाइतकं कोमट. तोटी सोडली की आधी आत कुणी श्वास ओढल्यासारखा आवाज होतो. खापरी नळात हवा कोंडते, एवढं मला कळतं, मी दारोगा आहे. तरी हल्ली तोटी सोडताना मी मान फिरवतो. स्वतःचंच हसू येतं.

तहान फार लागते. रांजण दिवसातून दोनदा भरावा लागतो.

चैत्र वद्य ९

आज पालीला गेलो होतो, बाजाराला. बरोबरचा तांब्या पहिल्या कोसातच संपला. पालीत एका दुकानदारानं पाणी दिलं. तोंडात घेतलं आणि राख चावल्यासारखं झालं. थुंकलो. दुसऱ्या घरी मागितलं, तिसऱ्या घरी ताक मागितलं. काहीच घशाखाली उतरेना. ओठ फुटले, डोळ्यापुढे अंधारी आली. लोकांना वाटलं, दारोगा पिऊन आला.

तसाच पळत परत आलो. दोन कोस, भर उन्हात. अंगणात गुडघ्यावर पडून तोटीला तोंड लावलं. किती प्यालो ठाऊक नाही.

मान वर केली तर कुंपणापाशी अर्धा गाव उभा. बबनराव मागे उभे होते. त्यांनी केशरबाईंकडे पाहून मान हलवली, आणि सगळे आपापल्या घरी गेले.

चैत्र वद्य १३

आज उगम पाहायला गेलो. पहिल्या दिवशी जायला हवं होतं.

झरा नाही. हौदातून निघालेला खापरी नळ डोंगराकडे जातच नाही. तो मागच्या निवडुंगातून जुन्या बारवेत उतरतो. बारवेच्या पायऱ्या तोंडापर्यंत दगडांनी बुजवलेल्या, वर चुना. कुणी कुत्र्यालाही तिकडे फिरकू देत नसावं.

नळाला कान लावला. आत पाण्याचा आवाज होता. आणि एक लेकरू. रडत नव्हतं. पाणी मागत होतं. तेवढा एकच शब्द, पुन्हा पुन्हा, न कंटाळता.

मी एका बकऱ्यावर दस्तखत केलं.

वैशाख शुद्ध ३

आज अक्षय्य तृतीया. केशरबाईंनी माझ्या तोटीचं पाणी भरून पितरांच्या नावानं मातीचे करे मांडले. तीन. दोन मोठे, एक मुठीएवढा. मी विचारलं, हे कुणाचे. मग त्या बोलल्या.

मानमोडीच्या तापाचं साल. त्यांचा मुलगा बिभीषण, सून आणि दोन वर्षांची नात तापानं फणफणली होती. गावात रोज चार-पाच जात होते. बबनराव दारात आले, म्हणाले, चला, बारवेवर नेऊन गार पाणी पाजतो. तिघं आपल्या पायांनी गेली, नात सुनेच्या कडेवर. अर्ध्या पायऱ्या उतरली आणि वरून दगड पडायला लागले. ताप गावात पसरू नये म्हणून. पाणी दोन पायऱ्या खाली होतं आणि हात पोचत नव्हता. केशरबाईंना घरात कोंडलं होतं. दोन दिवस त्यांना ऐकू येत होतं.

पुढे बाकीच्या विहिरी आटत गेल्या. जिवंत झरा तेवढा बारवेत. या गावची रीत अशी की, जितके आत गेले तितकेच, तसेच, बाप्या, बाई, लेकरू, बाहेरच्या माणसांनी सव्वा महिना ते पाणी प्यायचं. मग आतले सुटतात, पाणी मोकळं होतं. प्यालेले आपल्या पायांनी त्यांच्या जागी जातात. पहिला घोट पोटात गेला की सुटका नाही, दुसरं पाणी चालतच नाही.

भिंतीवरची बोटं मोजली. एकोणतीस.

मी म्हणालो, मी तुम्हाला आई म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, "म्हणूनच पोटभर घातलं लेकरा. माजी तिघं सात वर्सं तहानलेली हायेत. मी काय करू." रडत होत्या. रडता रडता एक करा माझ्याकडे सरकवला.

आणि मी तो प्यालो.

मग आठवलं, गाडी. विचारलं. गाडी परवाच कड्याला गेली.

वैशाख शुद्ध ५

गाडी अडवायला धावलो. पाऊण कोसावर जीभ टाळूला चिकटली, रस्ता दिसेना. पाय मला न विचारता माघारी वळले. नळापाशी शुद्ध आली.

बबनरावांचे पाय धरले. म्हणालो, मी जातो, सव्वा महिना कशाला, आजच जातो, माझी पोर सोडा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला हाताला धरून उठवलं, धोतराची माती झटकली. म्हणाले, "दारोगा, पानी चांगलं हाय असं सरकारला तुमीच लिवून दिलंय. आमी कुटं काय म्हनलो." मग खोलीत आणून सोडलं आणि बाहेरून कडी लावली.

येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, दारोगाला ताप आहे. ही हलगी लावून आणणारी माणसं.

वैशाख शुद्ध ७

आवाज गेला. बोलायला गेलो की घशात नुसतं पाणी खळखळतं.

गुडघ्यापासून खाली पाय गार. त्यांना चालायचं आहे, पण एकाच दिशेनं. दाराकडे, हौदाकडे. दुसरीकडे वळवले की लाकूड होतात.

केशरबाई खिडकीतून भाकरी देतात. मी घेत नाही. त्या तिथंच उभ्या राहतात, माझ्याकडे बघत. मला अजून त्यांचा राग नीट येत नाही, आणि त्याचाच —

वैशाख शुद्ध ९

दुपार. गाडी आली.

खिडकीतून दिसतंय. आश्रुबानं बैल सोडले. गोदी उतरली. केवढी झाली पोर —

पाटलीणबाई तांब्या घेऊन पुढे. गूळ, पाणी. उन्हातून आलेल्या माणसाला देतात तसं. ओरडतोय. फक्त खळखळ —

चंद्रभागेनं मान हलवली. घेतला नाही. बबनराव हसून आग्रह करतात. तिनं पदर सावरून नाही म्हटलं, गोदीचाही हात धरला. तिचा हट्ट मला माहीत आहे. आधी धन्याला बघेन, मग पाणी. माझी बाई. मी रडतोय.

खोलीत थेंब नाही. सकाळी रांजण उलथा केला, एवढं तरी जमलं. एक तांब्या ठेवला. माझ्यापुरता. तो ओतवेना. तीनदा उचलला, तीनदा परत ठेवला. शेवटी सरपटत जाऊन लांब कोपऱ्यात — सारखा हात जाऊ नये म्हणून —

कडी काढतायत. केशरबाईच काढतेय —

उठता येत नाही. पाय लाकूड. उजवा हात तेवढा चालतो. पानभर मोठं लिहून दाखवतो —

पिऊ नको

दाखवलं. चंद्रभागा कागदाकडे बघून हसली. तिला अक्षर येत नाही, घाईत विसरलोच. तिला वाटलं, मी कचेरीचं काही काम — बाजूला ठेवा म्हणते, अंग तापलंय म्हणते, माझ्या कपाळावर हात ठेवून बसली आहे. पाठ कोपऱ्याकडे. मी बोट दाखवतोय, ती बोट धरून ठेवते. डोळ्यांत पाणी तिच्या —

मागे बघ. बाई, मागे बघ —

गोदी कोपऱ्यात. तांब्या तिला जड जातोय. दोन्ही हातांनी उचलून तिनं —