बेकरीमागचे पाच घोडे

ता. १७ ऑक्टोबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. पाया पडते असंच लिहिणार होते, पण तू घरी आल्यावर खरोखरच पाय धरायची वेळ येईल असं दिसतंय, म्हणून तो नमस्कार राखून ठेवते. आई ठणठणीत आहे. गुडघ्यांचं रडगाणं चालूच असतं, पण कोंबड्या वैरणीत घुसल्या की सगळ्यांच्या आधी तीच पळते. तुझं बोटीवर कसं चाललंय? इंजिनखोलीतला तो किरकिऱ्या माणूस अजून तुझ्याच पाळीला आहे का? तुझा घोडा, साहेब, मजेत आहे.

आता मुख्य बातमी, कारण ती माझ्या पोटात मावत नाहीये. दादा, जागा राहिली! मालकीणबाईंनी काल स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तबेला हलवायचा नाही. उलट मागचा पडीक तुकडाही तुम्हीच वापरा म्हणाल्या. त्या फाटकाबाहेर गेल्यावर मी आणि आईने अंगणात फेर धरला, गुडघ्यांसकट.

तू निघालास तेव्हा काय अवस्था होती ते आठव. भिंतीपलीकडे बेकरी, भिंतीला टेकून आपला लिदीचा ढीग, आणि बेकरीवाले काका हातात माशा मारायची जाळी घेऊन दिवसभर भिंतीवरून डोकावणार. "तुमच्या माशा माझ्या पावावर बसतात," म्हणायचे, जणू आपण त्यांना शिकवून पाठवत होतो. जागा दोघांचीही मालकीणबाईंची. त्यांनी एक वर्ष दिलं होतं: वास आणि माशा गेल्या नाहीत तर तबेला हलवा. तू सामान भरता भरता म्हणालास, "चारही घोड्या विकून टाक, स्वारीचे वर्ग बंद कर. फक्त साहेबाला हात लावायचा नाही. त्याच्यासाठी मी बघतो दुसरीकडे." मी तेव्हा काही बोलले नाही, कारण बोलले असते तर तुझी बोट चुकली असती.

पर्माकल्चरचं, म्हणजे निसर्गाच्या चालीनेच जमीन आणि जनावरं सांभाळायचं, वेड डोक्यात भरवलं ते घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी. त्यांचा पहिला धडाच असा, की काही करू नका, आधी बघा. म्हणून मी बादली उपडी घालून माळावर बसायला लागले. आई म्हणाली, "काम सोडून घोड्यांकडे काय बघत बसतेस? त्यांचं लग्न ठरवायचंय का?" पण बसल्यावर दिसायला लागलं. छपराचं पाणी सरळ लिदीत उतरत होतं आणि आपण वर्षानुवर्षं चिखलाला शिव्या देत होतो. घोड्या एकाच ठिकाणचं गवत मुळापर्यंत खरवडायच्या आणि बाकीचं माळरान उभ्या उभ्या वाळायचं. आपल्याकडे सगळं होतं रे, फक्त चुकीच्या जागी होतं.

मग लागले कामाला. छपराला पन्हळ लावून पाणी टाकीत घेतलं. टाकी भरली की जास्तीचं पाणी उताराला आडवा चर खणून त्यात सोडलं, तिथे ते जिरतं. माळाचे तुकडे पाडले. घोडे आज या तुकड्यात चरले की मग पुढच्यात, आणि त्यांच्या मागून कोंबड्या सोडायच्या. त्या लीद उकरतात, पसरतात आणि माशांच्या अळ्या अशा टिपतात की बघत राहावं. उरलेली लीद भिंतीपासून लांब, झाकणाच्या कप्प्यांत, पेंढा आणि पुठ्ठा मिसळून. आतून ती इतकी तापते की अळी धरत नाही, आणि पुढे तिचं काळं भुसभुशीत खत होतं. पुठ्ठा कुणाचा विचारशील तर बेकरीवाले काकांचा. रिकामी खोकी ते आता भिंतीवरून स्वतः टाकतात.

सगळं काही पहिल्या फटक्यात जमलं असं समजू नकोस. चराच्या कडेला तुतीची रोपं मोठ्या हौसेने लावली, पण कुंपणाच्या आत. हात धुऊन येईपर्यंत चौघींनी जेवण उरकलं होतं. काड्यासुद्धा ठेवल्या नाहीत. आई तर इतकी हसली की खाली बसली. नंतरची रोपं कुंपणाबाहेर लावली. आता जी फांदी आत वाकते ती त्यांची, जी बाहेर राहते ती आपली सावली.

काल मालकीणबाई न कळवता आल्या. मी खत चाळत होते, केसांत पेंढा, अवतार बघण्यासारखा. त्या फाटकातून तडक आत येऊन चिंचेखालच्या बाकावर बसल्या. पदराने नाक झाकायच्या बेतात होत्या, तो हात तसाच खाली आला. थोडा वेळ इकडेतिकडे बघून मला विचारतात, "काय गं, घोडे कुठे गेले? विकलेस?"

दादा, पाचही घोडे त्यांच्या पाठीमागे उभे होते!

त्यांनी वळून पाहिलं, तेव्हा म्हातारी घोडी त्यांच्या खांद्यावरून वाकून पिशवी हुंगत होती. आधी किंचाळल्या, मग हसल्या, आणि मग म्हणाल्या की जागा तुमचीच. बेकरीवाले काकांनी भिंतीवरून टाळ्या वाजवल्या. त्यांच्या हातात जाळी नव्हती.

आता तू वाचता वाचता थांबला असशील. पाच? हो, पाच. चार घोड्या आणि साहेब. एका सावलीत, बिनदोराचे. तुला घोड्यांतलं कळतं, त्यामुळे असं केव्हा होऊ शकतं हेही कळलं असेल. मी इतका वेळ माशा आणि पुठ्ठे सांगत बसले ते त्याचसाठी.

साहेबाला मी खच्ची करून घेतलं.

हात लावायचा नाही म्हणाला होतास. हात डॉक्टरीणबाईंनी लावला, असं म्हणून हसण्यावारी नेणार होते, पण तसं करणार नाही. त्यांनी विचारलं, "मालक कोण?" मी म्हटलं, "मीच." तुला कळवलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणून कळवलं नाही.

सगळी आखणी त्याच्यापाशी येऊन अडत होती. कळप एकत्र फिरला तरच माळ सावरतो. आणि तो चौघींत मोकळा सोडता येत नव्हता, म्हणून एकटा, ठाणबंद, भिंतीजवळच्या त्या कोंदट ठाणात. निम्मी घाण तिथलीच. पण खरं सांगू? नुसत्या माळासाठी मी हे केलं नसतं. बादलीवर बसून मी त्यालाही बघत होते. दारापाशी उभा राहून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुलायचा. दाराची फळी चावून चावून त्याने पोखरली होती. तू पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचास, "बघा कसा नाचतो." दादा, तो नाचत नव्हता रे. एकटेपणाने त्याला वेड लागायची पाळी आली होती. आणि ते आपल्या दोघांनाही दिसलं नाही.

त्याचं शिंगरू तुला हवं होतं. तुझ्या पहिल्या कमाईतून घेतलेला घोडा, त्याचा वंश. तू शिंगराचं नावसुद्धा ठरवून ठेवलं होतंस. ते आता होणार नाही. हे मी तुझ्याकडून घेतलं आणि परत देता येणार नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पण केल्याचा पश्चात्ताप नाही. दोन्ही खरं आहे.

जखम भरली, अंगातली रग उतरली, तेव्हा आधी कुंपणाआडून ओळख करून दिली आणि मग दार उघडलं. म्हातारीने पहिल्याच दिवशी दोन लाथा घातल्या. आता रोज सकाळी एकमेकांची मान खाजवत उभी असतात. तो झुलायचा थांबलाय. फळी चावायला तिथे जातोच कोण?

आज सकाळी मात्र माझा जीव गेला होता. माळावर गेले तर साहेब जमिनीवर आडवा. पाय लांब, मान लांब, डोळे मिटलेले. शेजारी म्हातारी उभी. मी ओरडत धावले. म्हातारीने कान मागे पाडून माझी वाट अडवली, आणि तेवढ्यात मला ऐकू आलं, साहेब घोरत होता. चक्क आईसारखा.

त्याला असा आडवा झोपलेला तू कधी पाहिलायस? मी तर कधीच नाही. घोडा असा झोपतो ते कुणीतरी जागं आहे याची खात्री असेल तरच, हे मला तूच शिकवलं होतंस. मी तिथेच बादली उपडी घालून बसले आणि तो उठेपर्यंत रडले. आनंदाने, दादा.

तू पुढच्या महिन्यात येशील तेव्हा आधी माझ्याशी भांडू नकोस. फाटकात उभा राहून तुझी ती शीळ घाल. तो चौघींना सोडून तुझ्याकडे येतो का ते आपण दोघं बघू. आला तर माझ्यावर जे रागवायचंय ते त्याच्यासमोर रागाव. नाही आला, तर तुझ्यासाठी दुसरी बादली उपडी घालून ठेवली आहे. माझ्याशेजारी बस आणि त्याला चरताना बघ.

तुला न विचारता हे करणारी आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करणारी,
पण त्या वेळी तुला विचारून,
तुझी धाकटी