तांब्याची रिव्हेट आणि ह्यांची शिवण

सांता क्लारा,
१७ जून २००४

चि. सुमेधा, तुला आणि घरातल्या लहानांना ताईचे आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे मी ठणठणीत आहे. तुझे भावजी मात्र चार दिवस सुईला शिवलेले नाहीत.

झालं असं, की आमची सूनबाई रेणू ज्या लायब्ररीत काम करते तिथे जुन्या जाहिरातींचं प्रदर्शन होतं. आम्हालाही नेलं. त्यात जीन्सची हकिकत होती. सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या एका मजुराची बायको शिंप्याकडे गेली, नवऱ्याच्या विजारीचे खिसे टिकत नाहीत म्हणून. त्याने खिशांच्या कोपऱ्यांना चक्क तांब्याची रिव्हेट ठोकली! मग काय, वर्तमानपत्रांतून जाहिराती सुरू: खाणीत घाला, शेतात घाला, फाटणार नाही. हे भडकलेच. (वर्ध्यात चाळीस वर्षं मशीन चालवलेला माणूस!) म्हणाले, "हा शिंपी की तांबट? टाका जमत नाही तो खिळे ठोकतो!"

रविवारी महाराष्ट्र मंडळाची पिकनिक होती. रस्सीखेच ठरली आणि आमचा यतीन दोर घरी विसरला. ह्यांना तेवढंच हवं होतं. "आण तुझी ती जीन्स, बघू तिची फुशारकी!" यतीन म्हणाला, "बाबा, वाट लागेल यार तिची!" पण गाडीतली जादा जीन्स आणावीच लागली. एका पायाला हे, दुसऱ्याला यतीन, आणि भोवती टाळ्या पिटणारं अख्खं मंडळ. टर्रकन आवाज झाला. हे आनंदाने ओरडले, "फाटली!" फाटली होती खरी, पण ह्यांची स्वतः शिवलेली टेरिकॉटची पँट, मागून, पट्ट्यापासून खालपर्यंत.

शेवटी तीच जीन्स चढवून घरी आले. गाडीतून उतरताना म्हणाले, "त्या शिंप्याला डोकं होतं. माझ्याकडे जन्मभर नुसता दोरा." सुमे, मी हसू दाबून ती फाटकी पँट पिशवीत घातली.

तुझी,
पद्मिनीताई

ता. क. : खरं कारण आता लिहिते. ती शिवण ह्यांची नव्हतीच. इथल्या चीजने ह्यांचं पोट सुटलंय, म्हणून आदल्या दुपारी मीच पँट मागून सैल केली, कच्चा दोरा घातला आणि पक्की शिलाई मारायची विसरले. सांगायचा धीर होत नाही. तू ह्यांना पत्र लिहून ह्यांच्या शिवणीचं जरा कौतुक कर ना.

आणखी एक ता. क. : हे माझ्या खांद्यावरून सगळं वाचून गेले. म्हणतात, कच्चा दोरा त्याच दिवशी ओळखला होता. पण जीन्स फार आरामाची आहे, दुःखाचं सोंग संपलं तर यतीन परत मागेल. तेव्हा ह्यांचं कौतुक राहू दे. लिहायचंच तर दोन शब्द मला लिही, ह्यांच्या काळजीने चार दिवस जेवण गेलं नाही ते माझं.