मी वाचून दाखवलेले आकडे

मंगळवार, १ जुलै
श्रीरामपूरला आलो. नात जास्मिन आजपासून कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला लागली. आमच्या घरात बी.कॉम. झालेली ती पहिलीच. तिच्या जेवणाखाण्याचं कोण बघणार, म्हणून राहुरीहून मी सोबत. खोली बरी आहे, स्वयंपाकघर वेगळं, ऊन येतं. मालकीण रतनबाई शेजारीच राहते. तोंडाची फटकळ, पण चहा चांगला करते. जास्मिनने ही वही दिली. म्हणाली, आजे, दुपारभर लोकांची उणीदुणी काढण्यापेक्षा लिहीत जा. चौथी शिकलेय मी. लिहिते.

शुक्रवार, ४ जुलै
सरावाला म्हणून जास्मिनने टॅक्सच्या सरकारी साइटवर माझंच खातं उघडलं. पेन्शनवाल्या म्हातारीला कसला आलाय टॅक्स! मोबाईलवर आकडे येतात. ते सांगितले की आपण म्हणजे आपणच, असं सरकार धरून चालतं. तिने बजावलं, हे आकडे कुणाला सांगायचे नाहीत, मी फोनवर मागितले तरी नाहीत. मी म्हटलं, जास्त शिकवू नकोस, तुला बोलायला मी शिकवलंय.

सोमवार, ७ जुलै
दुपारी एका बाईचा फोन. लई गोड बोलली. जास्मिनच्या ऑफिसातून बोलतेय मावशी, तिचं काम अडलंय, मोबाईलवर आकडे आलेत ते तुम्हाला वाचता येतील का? वाचता येतील का म्हणे! चष्मा लावला आणि खणखणीत वाचले. बाईने ते परत म्हणून दाखवले. माझ्याच आवाजात. मधल्या खोकल्यासकट.
संध्याकाळी जास्मिनने विचारलं, कुणाचा फोन आला होता का? मी म्हटलं, न्हाई.

गुरुवार, १० जुलै
रतनबाई म्हणाली, बाजारात हाक मारली तर वळून बघितलं न्हाईस, नातीच्या नोकरीनं लई शिष्ट झालीस गं. मी बाजारात गेलेच नव्हते. रेशनच्या मशीनवर अंगठा लावला, घेईना. दुकानदार म्हणाला, आजी, हा अंगठा तुमचा न्हाई.
जास्मिन रडतच घरी आली. म्हणाली, तुझ्या नावावर कुणीतरी कंपनी काढून खोटी बिलं केलीत. तिचे साहेब, वाल्मिक सर, सगळ्यांदेखत म्हणाले, घरची म्हातारी सांभाळता येत नाही, गिऱ्हाइकं काय सांभाळणार? नोकरी जाईल. आजे, खरं सांग, आकडे दिलेस का कुणाला? तिच्या ताटात भाकरी वाढता वाढता मी पुन्हा नाही म्हटलं.

रविवार, १३ जुलै
चर्चमध्ये क्षमेची प्रार्थना आली, माझं तोंड उघडेना. बायकांच्या पुढच्या ओळीत एकीच्या अंगावर माझं लुगडं दिसलं. पदराला माझ्याच हातचं रफू. ती मात्र मोठ्यानं म्हणत होती.

मंगळवार, १५ जुलै
ठरवलं, आज सांगायचं. लाज गेली खड्ड्यात. सांगायला लागले तर जास्मिन हसली. आजे, किती वेळा तेच? काल गळ्यात पडून रडलीस की. केलं ना माफ. साहेबांनाही भेटून आलीस, ती कंपनी तुझी नाही अशी सही करून दिलीस, म्हणून तर नोकरी टिकली.
काल दिवसभर मी रतनबाईकडे शेंगा फोडत होते.
माफी ती घेऊन गेली. चूक तेवढी माझ्याकडे ठेवली.

बुधवार
जास्मिनला चहा नेला. म्हणाली, आत्ताच तर दिलास. तिच्या हातात भरलेला कप, वाफाळता.
स्वयंपाकघरात जात नाही आता. आत कुणीतरी भांडी लावतंय. माझ्यासारखीच, आदळत—

गुरुवार, दुपार
जास्मिन जेवायला आलीय, मोरीत हात धुतेय. तिचा मोबाईल आत, ओट्यावर. आत्ता वाजला. तिच्या खात्याचे आकडे—
आता तिचं नाव—
हाक मारायला तोंड उघडलं. आवाज नाही. पाय उचलत नाही.
आवाज आत आहे. आधी खोकला. मग खणखणीत. चार— सात— शून्य—
जास्मिन मोरीतूनच हसून म्हणतेय, आजे, कुणाला वाचून दाखवतेस गं?
जास्मिन, इकडे बघ, वही बघ, ती मी न्हा—