आबांची हनुवटी

आबा, तुम्ही आळशी नव्हता. हे तुम्हाला कधी एकदा सांगते असं सकाळपासून झालंय. मिरजेच्या दवाखान्यात लेकीच्या खाटेशी बसलेय. इनलँड पत्र आणलं होतं आईला लिहायला, आणि मायना तुमचाच लिहिला गेला.

लेकीला तुम्ही पाहिलं नाहीत, ती व्हायच्या आधीच तुम्ही गेलात. पण हनुवटी तुमचीच, लहानशी, आत गेलेली. ती रात्रभर घोरायची आणि दिवसा वर्गात पेंगायची. बाईंनी सांगितलं, हिला परत त्याच इयत्तेत बसवावं लागेल. आत्याबाई लगेच म्हणाल्या, "आजोळावर गेलीया. आजा काहिलीम्होरं झोपायचा, नात पाटीम्होरं झोपती." सासूला काय बोलणार? आणि खोटं तरी कुठं होतं? मला तो दिवस अजून दिसतो. मी गुऱ्हाळावर तुमची भाकरी घेऊन आलेय. काहिलीत रस उकळतोय, आणि तुम्ही ढवळता ढवळता उभ्यानंच मान टाकलीय. पाक करपला. मालक सगळ्यांदेखत ओरडले, "आवं, गूळ करायला ठिवलंय तुमास्नी का झोपा काढायला?" तुम्ही हसून म्हणालात, "पाक लय ग्वाड झालाय मालक, डोळंच चिकटलं." सगळे हसले. पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही कनवटीला हिरव्या मिरच्या बांधून जायला लागलात. डोळा लागायला आला की एक चावायची. घरी मात्र आई आम्हाला दटावायची, "कसं गाढ झोपल्यात बघा, उठवू नगासा." घोरणं म्हणजे सुखाची झोप, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

आणि इथले डॉक्टर काय म्हणाले ठाऊक आहे? "बाई, ही पोरगी रात्रभर झोपतच नाही." त्यांनी चमच्यानं तिची जीभ दाबून मला आत बघायला लावलं. दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी, मधे बोटभर वाट. खालचा जबडा म्हणजे जिभेचं घर, ते म्हणाले. घर लहान असलं की जीभ मागं सरकते. जागेपणी घशाचे स्नायू वाट उघडी धरतात, झोपेत ते सैल पडतात आणि वाट मिटते. छाती ओढ घेते, पण वारा आत जात नाही. मग जीव घाबरा होऊन माणूस अर्धवट जागा होतो, फुरफुरतो, श्वास घेतो, की परत तेच. मला तर आपलं गुऱ्हाळाचं चुलवाणच दिसलं. तोंडाशी चिपाड कोंबलं की आत जाळ धरत नाही, नुसता धूर. मग मी तुमचं सगळं सांगितलं, हनुवटी, मिरच्या, सगळं. ते म्हणाले, "बघितल्याशिवाय सांगता येत नाही. पण त्यांचंही असंच असावं." आबा, मला तिथल्या तिथे रडू फुटलं आणि हसूही आलं.

गाठी काढायच्या ठरल्या तशा आत्याबाई कडाडल्या, "पोरीच्या गळ्याला सुरी लावतीस व्हय गं? निजरी तर निजरी, जित्ती तर हाय!" मी यांना लिहून विचारलं. यांचं पलटणीतून पत्र आलं, डॉक्टर म्हणतील तसं कर. पालीच्या खंडोबाला हात जोडले आणि सही केली. काल गाठी काढल्या. आज ती कुशीवर झोपलीय, तोंड मिटून, आणि आवाज नाही! मी दहादा नाकाशी बोट धरून पाहिलं. श्वास कसा सरळ येतोय. जबडा काही बदलायचा नाही, म्हणून तिला कुशीवरच निजवा, उताणं नको, असं डॉक्टरांनी बजावलंय. उताणं निजलं की जीभ आणखी मागं पडते.

ते ऐकलं आणि आठवलं, तुम्ही आपसूक कुशीवर वळायचात. आईच तुम्हाला मायेनं उताणं करायची, पाठ भुईला टेकली की शीण जातो म्हणून. आईसाठी दुसरं इनलँड आणते. तुम्ही आळशी नव्हता, हे त्यात मोठ्या अक्षरात लिहीन. कुशीचं मात्र लिहिणार नाही. ते तुमच्यापाशीच राहू दे.